भांडण पैशाचं नसतं तेव्हा

देवगड-जामसंड्याच्या बाजूला अशा बागा बऱ्याच दिसतील: हापूसची कलमं दोन भावांच्या सामायिक मालकीची, खर्च एकाच वहीत, पेट्या एकाच मार्क्याने वाशीला जाणाऱ्या आणि दलालाची पट्टीही एकच. तरी पावसाळ्यात कल्टार घालायचं की नाही यावरून दोघांचं दर वर्षी वाजतं. थोरला म्हणतो, घालूया, मोहोर लवकर धरेल, पेटी मार्चात बाजारात गेली की दर हातात येईल. धाकटा म्हणतो, या औषधाने झाडाची वाढ खुंटते, झाड थकतं, आजचा दर मिळेल पण पुढे कलमंच उरणार नाहीत. ऐकणारे शेजारी आपसात कुजबुजतात, "कुणाचं तरी काहीतरी शिजतंय."

हिशेब एकच असताना शिजणार काय? दोघांनाही बाग टिकायला हवी आहे, दोघांनाही पैसा हवा आहे. फरक आहे तो झाडाचं पुढे काय होईल याच्या अंदाजात. याउलट, बाग दोन-तीन वर्षांच्या कराराने घेतलेला माणूस मालकाला न विचारता प्रमाणाबाहेर कल्टार ओततो तेव्हा गोष्ट निराळी असते. करार संपल्यावर झाड कसं असेल याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते भांडण हितसंबंधांचं, भावांचं भांडण समजुतीचं, म्हणजे पुढे काय होईल याच्या अंदाजाचं.

ओळखायला एक सोपा प्रश्न पुरतो: दोघांचा खिसा एक केला तर वाद मिटेल का? करारवाल्याला पुढच्या वीस वर्षांच्या उत्पन्नात वाटा दिला तर तो लगेच हात आखडता घेईल. भावांचा खिसा आधीच एक आहे, तरी वाद आहे तसाच आहे.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मासेमारीची बोट असो, आंबा कॅनिंगचा कारखाना असो, सहकारी पतसंस्था असो किंवा पर्यटकांसाठी चार खोल्या बांधलेलं घर असो, आपण बहुतेक मतभेद हितसंबंधांचे समजतो आणि इलाजही तसाच करतो. कमिशन वाढवा, बोनस द्या, नाहीतर लक्ष ठेवा. मतभेद समजुतीचा असेल तर या इलाजाने दुखणं वाढतं. कसं वाढतं, ते गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्यापैकी नीट उलगडलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मालक आणि नोकर यांच्या संबंधांचं अर्थशास्त्र बराच काळ एक गोष्ट गृहीत धरून चाललं: माणसांचं हित वेगळं असेल, प्रत्येकाजवळची माहिती वेगळी असेल, पण जग कसं चालतं याचा मूळ अंदाज सगळ्यांचा सारखाच असतो. १९७६ मध्ये रॉबर्ट ऑमन या गणितज्ञाने या गृहीतकातून काय निघतं ते सिद्ध करून दाखवलं. (२००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांपैकी हे एक.) दोन समंजस माणसांनी सारख्याच मूळ अंदाजापासून सुरुवात केली, आणि आज कोणाचं मत काय आहे हे दोघांनाही उघडपणे ठाऊक असलं, म्हणजे मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे इथपर्यंत, तर त्यांची मतं वेगळी राहूच शकत नाहीत. "तुझं तुला, माझं मला" म्हणून दोघं सुखाने उठूच शकत नाहीत. तो माणूस हुशार आहे आणि तरी त्याचं मत वेगळं आहे, तेव्हा त्याने काहीतरी पाहिलं असणार, असं धरून प्रत्येकजण आपलं मत सरकवत जातो आणि शेवटी दोघं एका जागी येतात.

आता आपल्या दोन भावांकडे पाहा. एकमेकांची मतं त्यांना पाठ आहेत, अक्कलही दोघांना आहे. तरी वाद वर्षानुवर्षं टिकला असेल तर सरळ अर्थ हा की सुरुवातच वेगळ्या जागेवरून झाली आहे. कुणी लहानपणी आजोबांचं एखादं नावाजलेलं कलम वाळताना पाहिलेलं असतं. कुणी पहिल्या नोकरीत मार्च आणि मे महिन्यांतल्या दराची तफावत रोज पाहिलेली असते. असा अनुभव एखाद्या आकड्याने पुसला जात नाही, आणि त्याला हट्ट म्हणणंही बरोबर नाही.

संस्थेत माणसं अशा वेगवेगळ्या मूळ समजुती घेऊन येतात, हे मान्य करून पुढचं गणित मांडणाऱ्यांत हार्वर्ड बिझनेस स्कूलचे एरिक व्हान डेन स्टीन यांचं काम मला सगळ्यात उपयोगी वाटतं. त्यांचा एक निष्कर्ष समजून घ्यायला बंदरावर जाऊ.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टात बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. बोट निघण्याआधीच डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांची उचल असा मोठा खर्च होऊन गेलेला असतो आणि तो मालकाचा असतो. मालक धक्क्यावर राहतो, बोट तांडेल नेतो. धरा की मालकाच्या मोबाइलवर हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचा अंदाज आला आहे. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजून, कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीत मासळी मिळण्याची शक्यता आहे हे ती संस्था कळवते. अंदाज सांगतो, खोल पाण्यात जा. तांडेल पाण्याचा रंग बघतो, ओढ बघतो, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) आहे ते धरतो, आणि म्हणतो, "थंय काय गावाचा नाय", तिथे काही मिळायचं नाही. त्याच्या मते मासळी आत्ता किनाऱ्याजवळ, वीसेक वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात आहे.

दोघांनाही मासळीच हवी आहे. आता आकडे घेऊ, हे केवळ समजण्यासाठी. मासळी आज या दोनपैकी एकाच ठिकाणी आहे आणि मिळाली तर एक लाखाची मिळेल, नाहीतर काहीच नाही. मालकाच्या मते ती खोल पाण्यात असण्याची शक्यता ७० टक्के. तांडेलाच्या मते ३० टक्के, आणि जवळच्या पाण्यात ७० टक्के.

तांडेल निव्वळ पगारावर असेल तर खोल पाण्यात गेला काय आणि जवळ गेला काय, त्याला पैसे तेवढेच. वर मालकाचा रोष कशाला ओढवून घ्या, म्हणून तो सांगितलं तिकडे जाईल. आता मालकाने विचार केला, माणसाने मन लावून काम करावं म्हणून त्याला विक्रीतला १० टक्के वाटा देऊ. तांडेल मनातल्या मनात हिशेब करतो: खोल पाण्यात माझ्या वाट्याला सरासरी तीन हजार, जवळ सात हजार. मालकाचं ऐकलं तर माझे चार हजार बुडाले. वाटा २० टक्के केला तर बुडणारी रक्कम आठ हजार होते. मालक जितका वाटा वाढवील तितकं तांडेलाला सांगितल्या ठिकाणी न जाण्याचं कारण मोठं होत जातं. धक्क्यावरून तर बोट दिसत नाही.

याला आणखी एक बाजू आहे आणि मला ती सगळ्यात डोळे उघडणारी वाटते. बोट खोल पाण्यात जायची असेल तर १० टक्के वाटा म्हणजे मालकाच्या हिशेबाने सात हजार रुपये. तांडेलाच्या हिशेबाने तोच वाटा तीन हजारांचा. देणाऱ्याला वाटतं मी भरभरून दिलं, घेणाऱ्याला वाटतं याने माझ्या तोंडाला पानं पुसली. दोघंही प्रामाणिक आहेत. पुढे कटुता येते तेव्हा दोघांनाही दुसऱ्याची नियत खोटी वाटू लागते, आणि समजुतीचा वाद तिथून खरोखरच हितसंबंधांचा होऊन बसतो.

म्हणून व्यवस्थेच्या दोन जोड्या जमतात. हुकूम आणि पक्का पगार, ही एक. या जोडीत पगार असा हवा की नोकरी गेली तर झळ बसेल, कारण हुकमाचं वजन त्याच्यावरच उभं असतं. दुसरी जोडी, मोकळीक आणि वाटा: कुठे जायचं ते तांडेलाने ठरवायचं आणि नफ्या-तोट्याची धगही त्यालाच लागायची. यातूनच कंपनीतला पगारी माणूस आणि बाहेरचा ठेकेदार यांच्यातला फरकही उलगडतो. ठेकेदाराला सगळा मोबदला कामाच्या फळावर मिळतो आणि काम कसं करायचं ते तो स्वतः ठरवतो. पगारी माणसाचं या दोन्ही बाबतीत उलट असतं. किनाऱ्यावर या दोन्ही तऱ्हा दिसतात. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, जाळं, होडी, मेहनत यांप्रमाणे वाटे पडतात. यांत्रिक बोटींवर कुठे पगार, कुठे वाटा, कुठे दोन्ही मिळून चालतं. बिघडते ती तिसरी जोडी, जी कागदावर सगळ्यात न्याय्य दिसते: हुकूम माझा, पण फळात तुझा वाटा. दोघांची समजूत एक असेल तोवर ती छान चालते.

कामाच्या उमेदीचंही असंच आहे. जाळं रिकामं आल्यावर रात्री पुन्हा टाकायचं की नाही, हे शेवटी बोटीवरच्या माणसांच्या हातात असतं. इथे मासळी आहे असं ज्याला मनापासून वाटतं तो आणखी दोनदा टाकील. ज्याला वाटतं की इथे पाण्याशिवाय काही नाही, त्याला प्रत्येक फेरी वाया जाणारी दिसते. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. आपल्या मेहनतीचं फळ किती, याचा त्याचा अंदाजच शून्याजवळ आहे. आणि शून्यातला २० टक्के वाटा शून्यच.

निर्णय ज्याचा, त्याला उमेद जास्त, हेही यातूनच येतं. चार वाटांपैकी जी सगळ्यात आशेची वाटली तीच माणूस निवडतो, त्यामुळे निवडणारा आपल्या वाटेबद्दल इतरांपेक्षा सहसा थोडा जास्त आशावादी असतो. त्यात अहंकार असायलाच हवा असं नाही, निवडीच्या क्रियेतच ते आहे. म्हणून काम करणाऱ्याच्या हाती निर्णय दिला की उमेद आपोआप वाढते, आणि अपयश आल्यावर तो "नशीब फिरलं" म्हणण्याची शक्यताही वाढते. मालकांनी पहिली गोष्ट लक्षात घेऊन दुसरीची तयारी ठेवावी.

इथवर मतभेद म्हणजे डोकेदुखीच वाटेल. पण सल्ला देणाऱ्या माणसाच्या बाबतीत गणित उलटतं. यॉन-कू चे आणि नवीन कार्तिक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे मांडलं.

पुन्हा बागेत येऊ. काका ठरवणारे, पुतण्या दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेला. मोहोर फुटलाय आणि प्रश्न आहे आणखी एका फवारणीचा. काकांचं मत, फुलकिडे वाढले आहेत, मारून टाकू. पुतण्याचंही तेच मत असेल तर तो काय करील? पंप भरायला घेईल. तपासायला जाण्याचं त्याला काही कारणच नाही. त्याचं मत वेगळं असेल, किडा फवारणी करण्याइतका नाही असं त्याला वाटत असेल, तर तो सकाळी उठून पांढरा कागद घेऊन बागेत जाईल, मोहोराच्या तुऱ्याखाली कागद धरून तुरा झटकील, कागदावर पडलेले किडे मोजील, दुसऱ्या कलमाकडे जाईल. काकांना पटवायचं तर त्याच्याकडे पुरावा हवा. आणि रिकाम्या हाताने परत आला तर काका म्हणणार, "मिळालं असतं तर आणलंच असतं की." गप्प राहण्याचीही किंमत मोजावी लागते, म्हणून तो आणखी शोधतो. या सगळ्या खटाटोपासाठी काकांना त्याला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. मतभेदच त्याला कामाला लावतो.

यात एक मेख आहे. पटवायला निघालेला माणूस सोयीचं तेवढंच आणतो. ज्या आठ कलमांवर किडा कमी दिसला त्यांचे कागद तो काकांना दाखवील, बांधाकडच्या चार कलमांचं नाव काढणार नाही. चे आणि कार्तिक यांच्या मांडणीत हा तोटा आणि शोधण्याची उमेद हा फायदा एकमेकांसमोर ठेवले आहेत, आणि सल्लागार थोडा वेगळ्या मताचा असणं बहुतेकदा फायद्याचं ठरतं. व्यवहारात तोटा कमी करायचा एक मार्ग मला पटतो: बागेत जाण्याआधीच दोघांनी ठरवायचं की कोणती कलमं बघायची, प्रत्येकाचे किती तुरे झटकायचे आणि सरासरी किती किडे आले तर फवारायचं. मग वेचून दाखवायला जागा उरत नाही.

करणारा आणि सांगणारा यांच्यासाठी नियम असे वेगळे निघतात. जो काम तडीस नेणार आहे त्याची समजूत निर्णय घेणाऱ्याशी जुळलेली बरी; जो माहिती आणणार आहे त्याची थोडी वेगळी बरी. आपण नेमकं उलटं करतो. भाच्याला, पुतण्याला, आपल्या विचाराच्या माणसाला सल्ल्यासाठी जवळ बसवतो आणि ज्याला निर्णय पटलेला नाही त्याच्या गळ्यात काम मारतो.

समजूत जुळण्याचं बळ किती असतं याचं कोकणातलं ठळक उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे. बॅरिस्टर नाथ पै आणि पुढे मधु दंडवते यांनी राजापूरचे खासदार म्हणून संसदेत ही मागणी लावून धरली, आणि तरी गावोगावी "आता काय येतेय रेल्वे" हेच ऐकू यायचं. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला झाला. पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, गोव्यात मार्गावरूनच आंदोलन पेटलं होतं. अशा कामावर भारतीय रेल्वेतली सुखाची जागा सोडून कोण येणार? माझ्या मते, ज्याला हे होईल असं आधीच वाटतं तोच. प्रमुखाची समजूत ठाम आणि सर्वांना ठाऊक असली की तशाच समजुतीची माणसं आपण होऊन गोळा होतात. व्हान डेन स्टीन यांच्या मांडणीत नेत्याच्या दूरदृष्टीचं काम हेच आहे: माणसांची मतं बदलण्याआधी ती माणसांची निवड करते. मग देखरेख कमी लागते, निर्णय खाली सोपवता येतात, मेहनत जास्त होते.

याची किंमत हळूहळू कळते. एकाच समजुतीची माणसं जमलेल्या संस्थेत नवं काही करून बघणं कमी होतं आणि माहिती गोळा करणंही कमी होतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊकच असतं. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत विषयांमागून विषय "सर्वानुमते मंजूर" होत जातात तेव्हा लोक समाधानाने घरी जातात. मला मात्र त्या वेळी विचारावंसं वाटतं की यातला एक तरी विषय कुणी तपासून पाहिला होता का.

मग वेगळ्या समजुतीची दोन माणसं एका जागी कशी येतील? नुसत्या वादाने येत नाहीत. घडणाऱ्या गोष्टींनी येतात, आणि किती गोष्टी घडाव्या लागतील ते मोजता येतं. धरा की एका मच्छीमार संस्थेत याच प्रश्नावर दोन तट आहेत: या हंगामात खोल पाणी सरस की जवळचं? दोन सारख्या बोटी एकाच दिवशी दोन दिशांना पाठवायच्या आणि कुणाची विक्री जास्त झाली ते बघायचं. जी जागा खरोखर सरस आहे ती तीनपैकी दोन फेऱ्यांत जिंकेल असं मानू, कारण समुद्रात योगायोगाचा भाग मोठा. म्हणजे जवळचं पाणी सरस असेल तर ते तीनपैकी दोनदा जिंकेल, खोल पाणी सरस असेल तर जवळचं तीनपैकी एकदाच; म्हणून जवळच्या पाण्याने एक फेरी जिंकली की त्याच्या तुलनेत खोल पाण्याच्या बाजूचं पारडं निम्मं होतं.

खोल पाण्यावर ७० टक्के भरवसा असलेल्या मालकाचं प्रमाण सुरुवातीला ७ ला ३. विरुद्ध निकालाची एक फेरी झाली की ७ ला ६. दुसरी झाली की ७ ला १२, आणि त्याचं मत फिरलं. तांडेलाचंही असंच, उलट बाजूने दोन फेऱ्यांत. ज्याचा भरवसा ९९ टक्के आहे त्याचं प्रमाण ९९ ला १. त्याचं मत फिरायला सलग सात फेऱ्या विरुद्ध जाव्या लागतात. सात फेऱ्यांचं डिझेल आणि बर्फ कोण देणार, हा प्रश्न मग संस्थेपुढे येतो, आणि यायलाच हवा. ज्याचा भरवसा पुरता शंभर टक्के आहे त्याच्यासाठी फेऱ्यांची कुठलीच संख्या पुरत नाही. अशा माणसाशी वाद घालत बसण्याऐवजी त्याला वेगळी बोट द्यावी किंवा पक्का पगार ठरवावा. बाकीच्यांनी बोट सुटण्याआधी आपला आकडा वहीत लिहून सही करावी, कारण जाळं वर आल्यावर प्रत्येकाला आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं आठवतं.